सुनंदा आत काय म्हणाली

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आई गेली, आबा गेले, दोघंही जाताना मला गुणाची पोर म्हणून गेले. सोनगीरची आत्या अजून आहे. तिलाही ठाऊक नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तो आत्ता बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलाय. त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून. एवढंच कारण आहे. यात धाडस वगैरे शोधू नका.

तो म्हणजे सुभाष. माझा धाकटा भाऊ.

सुभाष बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. 'ब' आणि 'प' तर त्याच्या ओठांवर अडकूनच राहायचे आणि समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागायचा. जळगावात एका डाळ मिलच्या ऑफिसात तो कामाला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा डाळीचा पिवळा भुगा असायचा. हातपाय धुवायचा, चहा प्यायचा आणि आपल्या खोलीत जाऊन लोखंडी कपाट उघडायचा. त्या कपाटात त्याच्या कॅसेटी होत्या.

गाण्यांच्या नव्हेत. व्हिडिओ गेमच्या. नव्वदच्या पुढची ती वर्षं, तेव्हा जळगावात ते खूळ नुकतंच आलं होतं. हातात मावणारा प्लास्टिकचा ठोकळा, पिवळा, लाल नाहीतर काळा. तो यंत्राच्या खाचेत दाबून बसवायचा, की टीव्हीवर खेळ सुरू. बाकीचे लोक मुलांसाठी एक-दोन आणायचे. सुभाषनं कपाट भरलं. धुळ्याला मिलच्या कामानं गेला तर आग्रा रोडवरच्या दुकानांतून शोधून आणायचा. सुरत, बऱ्हाणपूर, इंदूर, जिथे जाईल तिथे आधी तेच. खोक्यासकट हवी. खोकं फाटलं तर रात्रभर चुटपुट. प्रत्येक कॅसेटीचं तोंड तो कापसानं आणि स्पिरिटनं पुसायचा, मग फुंकर मारायचा, मग खोक्यात, आणि खोकं पतंगाच्या कागदात गुंडाळून कपाटात. 'नव्याण्णव हजार खेळ एकात' असं छापलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात पाच-सहाच खेळ निघायचे, याचं त्याला कोण हसू यायचं! कॅसेटींबद्दल बोलताना तो अडखळत नसे. हे फक्त मला माहीत होतं. आबांना नाही, आईला नाही. कारण त्या खोलीत त्याच्याजवळ मी बसायचे.

मला सावद्याला दिलं होतं. केळीचा मोठा व्यापार असलेलं घर. वर्ष भरायच्या आत मी परत आले. का आले ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही माझ्या बाजूचे व्हाल, आणि ते मला नकोय. मला न्यायला सुभाष आला होता, एवढं मात्र सांगते. एसटीत जागा नव्हती. माझी ट्रंक मांडीवर घेऊन तो पायरीवर बसला, भुसावळपर्यंत, आणि वाटेत एक शब्द विचारला नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, आबांनी विचारलं, कॉलनीतल्या बायांनी दुधाच्या रांगेत विचारलं. त्यानं नाही. आठवडाभरानं त्यानं माझ्या हातात रिमोट दिला. एक नंबरचा. स्वतः दोन नंबरचा घेतला.

"ये अक्का, खेळून बघ."

दोघांनी मिळून खेळायचा रणगाड्यांचा एक खेळ होता. विटांच्या भिंती, पलीकडून येणारे शत्रूचे रणगाडे, आणि आपलं ठाणं सांभाळायचं. मला तो येऊ लागला. मला तो सुभाषपेक्षा चांगला येऊ लागला! परत आलेल्या बाईनं मोठ्यानं हसू नये असा त्या काळात अलिखित नियमच होता — पण त्या खोलीत, पंख्याखाली, फरशीवर बसून मी हसायचे. आई स्वयंपाकघरातून ऐकायची आणि आपलं काम करत राहायची.

बघा, मी मुद्द्याभोवती फिरतेय. मलाही कळतंय.

आत्यानं धुळ्याचं स्थळ आणलं. सुनंदा नाव. वडिलांचं कापडाचं दुकान, मुलगी बालवाडीत शिकवायची. आत्या तोंडाची फटकळ. सुभाषच्या कपाटासमोर उभी राहून म्हणाली होती, "हाई बठ्ठं काय शे रे भाऊ? दुकान टाकस का?" तिनं धुळ्याला आधीच सांगून ठेवलं — पोरगा सालस आहे, निर्व्यसनी आहे, फक्त ते व्हिडिओ गेमचं वेड आहे. मागाहून कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असं तिचं म्हणणं. त्यात तिचा काही दोष नाही.

आम्ही धुळ्याला गेलो. आबा, आई, आत्या, सुभाष आणि मी. खरं तर मी जायला नको होतं. शुभकार्याला माझ्यासारखीला कोण नेतं? पण सुभाष म्हणाला, अक्का येणार असेल तरच मी येतो. चिवडा आला, चहा आला. मुलीचे वडील गमत्या स्वभावाचे. हसत हसत त्यांनी विचारलं, "काय मग, लग्नानंतरसुद्धा खेळत बसणार का गेम?"

सगळे हसले. सुभाषनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडकला. ब— ब— ब—. आबांनी बशीकडे पाहिलं. मी सुनंदाकडे पाहत होते. ती हसली नाही. हे मी पक्कं सांगते, कारण पुढे मी जे केलं ते याच्या अगदी उलट होतं. ती एकटीच हसली नाही. तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं, आणि अक्षर सुटेपर्यंत पाहत राहिली, जसं बालवाडीतल्या मुलाला बुटाची नाडी बांधू द्यावी तसं. घाई न करता.

"बघू," एवढंच तो शेवटी म्हणाला.

नंतर तिच्या आईनं सांगितलं, अक्कांना घर दाखव. सुनंदा मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे कडुलिंबाखाली हौद होता. हात धुवायला मला पाणी दिलं आणि मागे वळून कुणी नाही असं बघून म्हणाली,

"अक्का, एक सांगू? त्यांना म्हणावं, आमच्या वडिलांचं मनावर घेऊ नका. त्यांना थट्टेची सवयच आहे. आणि कॅसेटी टाकून देऊ नका म्हणावं. आमच्या शेजारी होता एक गेम, मी खेळलेय. मला येतं." मग जरा लाजून, "आम्ही दोघं खेळू."

मी हात पुसले. बरं म्हटलं. सांगते म्हटलं.

आम्ही दोघं. हे दोन शब्द घेऊन मी त्या घरातून बाहेर पडले. फरशीवर दोनच माणसं बसतात आणि रिमोटही दोनच असतात — तुम्ही कधी खेळला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. तिसऱ्यानं बघायचं.

परतीच्या गाडीत आई-आबा पुढे बसले. आत्या सोनगीरच्या गाडीनं गेली होती. सुभाष माझ्या शेजारी येऊन बसला. कपाळाला घाम, हातरुमालाची गुंडाळी करत होता. त्याला मुलगी आवडली होती. आवडली हे त्यानं सांगायची गरज नव्हती. पारोळा मागे पडल्यावर त्यानं विचारलं,

"अक्का, ती आत क-काय म्हणाली?"

मी खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना कापूस उभा होता. मला विचार करायला वेळ होता. हे लक्षात ठेवा. जीभ घसरली नाही, चुकून निघून गेलं नाही. मी शब्द निवडले.

"हसली," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे हसली. म्हणाली, तुमचे भाऊ अजून खेळण्यांशी खेळतात का? आणि तुझ्यासारखं ब-ब करून दाखवलं."

ते शेवटचं मी का जोडलं? पहिलं वाक्य पुरेसं होतं. त्याच्या अडखळण्याची नक्कल कुणीही केली तरी त्याला सहन व्हायचं, मिलमधले हमालसुद्धा करायचे. पण तिनं? मला नेमकं कुठे टोचायचं ते माहीत होतं, आणि मी तिथेच टोचलं. त्यानं हातरुमाल खिशात घातला. आता हा नकार देणार, मी मनाशी म्हटलं. खरं सांगते, मला एवढंच हवं होतं. नकार, आणि संध्याकाळी पुन्हा आमची खोली.

एरंडोल आलं तेव्हा तो बोलला.

"ब-बरोबर आहे तिचं."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. त्याला राग आला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. त्या मुलीच्या हसण्याला पात्र ठरलो, आता तिच्या पात्रतेचं व्हायचं, असं काहीतरी त्याच्या साध्या डोक्यात बसलं. त्यानं होकार कळवला. आणि मग कॅसेटींचा प्रश्न आला — ठेवायच्या की सोडायच्या?

किती दिवस तो त्या प्रश्नाशी झगडत होता! पोत्यात भरायचा, पुन्हा काढून कपाटात लावायचा. नव्या काढून टाकू, जुन्या ठेवू, असं म्हणायचा. मग म्हणायचा, नाही, जुन्यांचं काय, नव्याच ठेवू. आबांना विचारलं. आबा म्हणाले, तुझं तू बघ. आईला विचारलं. आई म्हणाली, माळ्यावर टाक, कुणाला काय खायला मागतात? मग तो माझ्याकडे यायचा. रोज. मिलमधून आल्या आल्या, हातपाय न धुता. आता कॅसेटींबद्दल बोलतानाही तो अडखळायचा.

"अक्का, म-माळ्यावर ठेवू का? तिला कळणार नाही."

त्याला फक्त एक वाक्य हवं होतं. ते माझ्याजवळ होतं, तिनं माझ्याजवळ ठेवायला दिलेलं. मी कधीही काढून देऊ शकले असते. आणि मी काय करत होते? पोळ्या लाटत सांगत होते, "माळ्यावरची वस्तू आज ना उद्या खाली येते, सुभाष. सोडायचं तर पुरतं सोड."

"मग क-कॉलनीतल्या पोरांना वाटून टाकू?"

"म्हणजे ती पोरं रोज दारात येणार, काका हे चालत नाही, काका ते लावून द्या. आणि ती बघणार. पुन्हा हसणार."

मला मजा येत होती. हो. हे लिहिताना हात थांबला होता, पण लिहिलं. सावद्याला मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं, आज भाजी कुठली करायची इतकंसुद्धा. आणि इथे एक मोठा माणूस आपलं सगळ्यात आवडतं माझ्या पायाशी आणून विचारत होता, ठेवू की टाकू? मी जे म्हणेन ते तो करणार होता. अशी चव एकदा लागली की सुटते का?

शेवटी मी भंगारवाला सुचवला.

रविवार होता. भंगारवाला हातगाडी घेऊन कॉलनीत आला, मीच हाक मारली. तो अंगणात उकिडवा बसला, गाडीतून एक दगड काढला आणि पहिली कॅसेट समोर ठेवून फोडली. प्लास्टिक एका बाजूला, आतली हिरवी पट्टी दुसऱ्या बाजूला. सुभाष दारातून धावत आला.

"फ— फ— फोडू नका!"

"अख्खी कोण घेणार, भाऊ?" भंगारवाला म्हणाला. त्याला वाईट वाटलं असावं, कारण दगड खाली ठेवून तो माझ्याकडे बघू लागला. "प्लास्टिक अलग जातं, पट्टी अलग जाते. ठेवायच्या असतील तर ठेवा, बाई."

भंगारवाल्यानंसुद्धा संधी दिली, बघा.

सुभाष आत निघाला होता. मी त्याला परत बोलावलं. म्हटलं, "तूच दे तुझ्या हातानं. नाहीतर उद्या म्हणशील अक्कानं टाकल्या." तो आला. पायरीवर बसला. एकेक खोकं उघडून, पतंगाचा कागद सोडवून, कॅसेट हातात देत राहिला. खोकी बाजूला रचत होता, नीट, एकावर एक — कशासाठी? ती खोकी पुढे कित्येक सकाळी बंबात गेली, त्यावर तापलेल्या पाण्यानं आम्ही अंघोळी केल्या. दगडाचा आवाज कॉलनीभर जात होता. शेजारची मुलं कुंपणाशी येऊन उभी राहिली.

एका कॅसेटीपाशी तो थांबला. रणगाड्यांची. काळी, एका कोपऱ्याला माझ्या हातून पडून टवका उडालेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"ही पण?"

मी म्हटलं, "ही पण."

लग्न झालं. उन्हाळा संपता संपता. सुनंदा घरात आली, आणि पहिल्या आठवड्यातच, आम्ही सगळे जेवायला बसलेले असताना, मोठ्या हौसेनं तिनं विचारलं, "कॅसेटी कुठे ठेवल्यात हो? मला दाखवा ना!"

सुभाषचा घास हातातच राहिला. तो उठला, हात धुतले, चपला घातल्या. रविवार होता, मिल बंद, तरी मिलकडे गेला. सुनंदा गोंधळून सगळ्यांकडे बघत होती, मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी तिच्या ताटात टाकली आणि विचारलं, "वरण वाढू?"

त्यानंतरचं काय सांगू? मोठं भांडण कधी झालं नाही. भांडणासाठी बोलावं लागतं, आणि तिच्यासमोर त्याचं अडखळणं इतकं वाढलं की त्यानं बोलणंच सोडलं. ती हसरी होती. दूध उतू गेलं तरी हसायची, मांजर पडलं तरी हसायची. ती हसली की तो खोलीतून उठून जायचा. तिला वाटायचं, आपण आवडत नाही. त्याला वाटायचं, ही आपल्याला हसते. आणि मला दोघांनाही काय वाटतं ते माहीत होतं. तिला मी भाजी निवडताना बोलकं करायचे. त्याला ताट वाढताना. दोघंही मला मनातलं सांगत. कधी कधी दोघं एकाच दिवशी. एक शब्द इकडून तिकडे नेला असता तर पुरे होतं — मी तो अंगाशी धरून बसले.

संक्रांतीला ती माहेरी गेली आणि येताना त्याच्यासाठी नवी कोरी कॅसेट घेऊन आली. खोक्यासकट. धुळ्याच्या दुकानदाराला कुठली चांगली म्हणून विचारून विचारून आणली होती. तो मिलमधून आला तसं तिनं ती त्याच्या हातात दिली. त्यानं खोकं उलटंपालटं करून पाहिलं. क्षणभर मला वाटलं, संपलं, आता उलगडणार सगळं. मग त्यानं ते तिच्या हातात परत दिलं.

"प— प— पुरे झालं ना हसून?"

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी भांडी घासताना तिनं मला विचारलं. डोळे सुजले होते.

"अक्का, मी त्या दिवशी सांगितलेलं तुम्ही त्यांना सांगितलंत ना?"

"म्हणजे काय? त्याच दिवशी. गाडीतच."

"मग काय म्हणाले?"

आता इथे तरी मी थांबायला हवं होतं, नाही का? मी नळ बंद केला, म्हणजे तिला नीट ऐकू जावं.

"काही नाही बोलला. घरी आला आणि भंगारवाल्याला बोलावलं."

तिच्या हातात राखेनं माखलेलं पातेलं होतं. ते तिनं तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी नकोच होते त्यांना." हा प्रश्न नव्हता, पण मला त्याचं उत्तर देता आलं असतं. मी नळ पुन्हा सोडला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. सुनंदा आखाजीला धुळ्याला गेली आणि परत आली नाही.

आत्यानं मध्ये पडून बैठक ठरवली, धुळ्यालाच, तिच्या वडिलांच्या घरी. मे महिना, बाहेर फुफाटा. ते गमत्या स्वभावाचे गृहस्थ त्या दिवशी एकदाही हसले नाहीत. सुभाषला म्हणाले, "माझं काही चुकलं असेल तर मी माफी मागतो, पण पोरीचं काय चुकलं ते तरी सांगा." सुभाष खाली बघत राहिला. मग आत्याच म्हणाली, अरे तुम्ही आम्ही बोलून काय होणार, त्या दोघांना बसू द्या जरा आतल्या खोलीत.

त्यांना आत बसवलं. मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात होते, मध्ये फक्त पडदा. मग सुनंदाचा आवाज.

"मला एकच सांगा. मी अक्कांजवळ तुम्हाला निरोप दिला होता—"

"क-कसला निरोप?"

माझ्या हातात कपबशांचा ट्रे होता. तो मी ओट्यावर ठेवला. आवाज न करता. कधी इतकं शांत डोकं माझं झालं नसेल. बाहेरच्या खोलीत आले आणि ओरडले, "अहो, आबांच्या छातीत दुखतंय!"

आबा खुर्चीत बसून पंच्यानं वारा घेत होते. त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. आणि मग — हे मला आजही दिसतं — त्यांनी खरोखरच छातीवर हात ठेवला. लेक म्हणते म्हणजे दुखत असेल, असं त्यांना वाटलं असावं. घाम तर उन्हानं आधीच आला होता. आई रडायला लागली. सुभाष आतून धावत आला, त्याच्यामागे सुनंदा. कुणी पाणी आणलं, कुणी रिक्षा. दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं, म्हणाला काही विशेष नाही, उन्हाचा त्रास, घरी न्या. सुनंदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली होती. सुभाषशी काहीतरी बोलायला पुढे झाली. मी म्हटलं, "आता नको गं. बघतेस ना आबांचं." ती मागे सरली. शहाणी मुलगी होती. पुढचं काडीमोडाचं सगळं मोठ्या माणसांनी मिटवलं, ते दोघं पुन्हा समोरासमोर आले नाहीत.

परतताना गाडीत सुभाष माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "ती क-कसल्या निरोपाचं म्हणत होती?"

मी म्हटलं, "सुटायचं असलं की माणूस काहीही काढतं, सुभाष."

त्यानं मान हलवली. त्याला पटलं. माझं त्याला नेहमीच पटायचं. थोड्या वेळानं त्याला झोप लागली आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्याला जाग येऊ नये म्हणून मी जळगावपर्यंत खांदा हलवला नाही. त्याची काळजी वाटत होती मला, खरंच वाटत होती. ते आणि हे, दोन्ही एकाच बाईच्या पोटात होतं. कसं, ते विचारू नका. मला माहीत नाही.

नंतर आम्ही कधी खेळलो नाही. यंत्र होतं, कॅसेट एकही नव्हती. आणायचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही. आमची खोली मिळवण्यासाठी मी एवढं केलं, आणि त्या खोलीत पुढे धान्याच्या कोठ्या ठेवल्या. सुनंदाचं दुसरं लग्न झालं की नाही, मुलंबाळं आहेत की नाही, ती कुठे असते — मला माहीत नाही. कळू शकलं असतं. आत्याला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

सुभाषला हे सांगणार नाही. आता सांगून त्याच्या हातात काय देऊ? बायको परत देता येत नाही, आणि वर बहीणही काढून घ्यायची? बघा, लगेच चांगुलपणाची भाषा आली तोंडात. खोटं आहे ते. सांगत नाही, कारण तो उठून गेला तर या घरात मी एकटी राहीन. तेव्हाही हेच होतं. आजही हेच आहे.

परवा आत्या आली होती. म्हातारी झालीय, कानानं कमी ऐकते, पण जीभ तीच. सुभाषला म्हणाली, "कसा रे भाऊ, एकटानी जिंदगी काढी टाकी तू?"

सुभाष हसला. मोठ्यानं, तिला ऐकू जावं म्हणून, म्हणाला, "ए-एकटा कुठे? अक्का शे ना."

मी तिथेच बसले होते, पुढ्यात तुरीच्या शेंगा घेऊन. आत्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी एक शेंग सोलली, मग दुसरी.